हिलालआप्पांची आगाऊ सूचना

सुरतेत बमरोलीच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवायचं होतं. कपाट लोखंडी, माहेरचं, त्यामुळे सुनीताला जिवापेक्षा प्यारं. टेम्पोवाला एक टोक धरून उभा, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे आमची दोघांची लाज. तेवढ्यात शेजारच्या घरातून अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घातलेला, उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आला. माझ्यासमोर दोन्ही कोपरं धरली आणि स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाला,

"माले सोरायसिस शे. हाऊ लागस नही. पटनं ते कपाट उचलस, नही पटनं ते घर जास."

मी धुळ्याकडचा. अहिराणी कानाला नवी नव्हती, पण एखाद्याने आजार आधी सांगून नाव मागाहून सांगावं, हे नवीन होतं. मी म्हटलं, "पटलं, पटलं." त्याने कपाट उचललं, वरच्या खोलीत नेऊन ठेवलं, भिंतीला टेकलं की नाही ते वाकून पाहिलं, पाणी प्यायला आणि जाताना दारात म्हणाला, "मी हिलाल. बाजूचा."

ही हिलालआप्पांची आणि माझी ओळख. आजार आधी, माणूस नंतर.

मला वाटलं होतं, नव्या शेजाऱ्याला एकदा सांगून टाकण्यापुरतं हे असेल. तसं नव्हतं. आप्पा जिथे जिथे बसत, उठत, टेकत, तिथे तिथे ही सूचना आधी होई. शेअर रिक्षात पाय ठेवण्याआधी. पंगतीत पाटावर बसण्याआधी. देवळात प्रसादाला हात पुढे करण्याआधी. एकदा बँकेत खिडकीपलीकडच्या मुलीलाही काचेतून सांगताना मी त्यांना पाहिलं आहे. ती बिचारी म्हणाली, "काका, एना माटे केवायसी नथी जोईती." त्यासाठी केवायसी लागत नाही, असं तिचं म्हणणं, पण आप्पांचं समाधान झालं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

सुरतेत माणसं चारी दिशांची. म्हणून सूचनाही एका भाषेत भागत नसे. खान्देशी माणूस दिसला की अहिराणी. गुजराती दिसला की "मने सोरायसिस छे, आ चेपी नथी." यूपी-बिहारचा दिसला की "भैया, छूने से नहीं होता." लूमवर काम करणाऱ्या ओडिया पोरांसाठी त्यांनी एका मुकादमाकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. ती ते अशा काही चालीवर म्हणत की पोरं आधी हसत आणि मग सरकून जागा देत. समोरचा कुठला आहे हे ओळखता आलं नाही की आप्पा सगळ्या भाषा ओळीने म्हणून टाकत. तोवर रिक्षा पांडेसऱ्याला पोचलेली असे.

या सूचनेचे परिणाम निरनिराळे होत. काही लोक ऐकून न ऐकल्यासारखं करत. काही रिक्षातून उतरून जात. उतरणाऱ्यांमुळे एक रिक्षावाला मात्र एकदा हात जोडून म्हणाला, "काका, आपको मुफ्त में ले जाऊंगा, पर बोलना मत." आप्पा बाणेदारपणे खाली उतरले आणि चालत गेले. उलट आमच्या गल्लीतल्या बायका साडीचे गठ्ठे घेऊन लेस लावायच्या कामाला निघाल्या की मुद्दाम आप्पांना हाक मारीत. आप्पा बरोबर असले की गठ्ठ्यांना जागा होते, असा त्यांचा अनुभव होता. आप्पांनाही ते माहीत होतं. "मना रोगना काही ते उपयोग व्हवो," असं म्हणत ते हसत हसत रिक्षात चढत.

न्हाव्याकडे तर कमाल होती. आप्पांच्या डोक्यातही सोरायसिस. पहिल्यांदा दुकानात जाऊन त्यांनी सूचना दिली तेव्हा बाकावर बसलेली सगळी गिऱ्हाइकं 'थोडं काम आठवलं' म्हणून निघून गेली आणि आप्पांचा नंबर लगेच लागला. न्हावी जौनपूरकडचा, जिभेला हाड नसलेला. काही महिन्यांनी असं झालं की आप्पा पायरी चढले की न्हावीच आतून ओरडे, "आइए आप्पा! सुनो सब लोग, इनको सोरायसिस है, छूने से नहीं होता, हम रोज छूते हैं, हमको देखो!" आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून दाखवी. आप्पांना ते आवडत नसे. आपली सूचना दुसऱ्याने द्यावी, हे त्यांना थोडं आगाऊपणाचं वाटे.

आता एवढं सांगितलं म्हणजे हा माणूस स्वतःच्या दुखण्याचं भांडवल करणारा असेल असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत आप्पा स्वतःविषयी चकार शब्द काढत नसत. एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. हे मला त्यांच्याकडून नाही, कमलवहिनींकडून कळलं. कमलवहिनी म्हणजे आप्पांच्या पत्नी. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की मुद्द्याचं. "निदान आधी नाव तरी सांगत जा," असं त्या नवऱ्याला रोज सांगत. आप्पा रोज "हां" म्हणत. संध्याकाळी वहिनी त्यांच्या पाठीला मलम लावीत. तिथवर आप्पांचा हात पोचत नसे, आणि वहिनींच्या मते अक्कलही.

घरात एक लहानसा केरसुणीचा जुडगा फक्त आप्पांचा होता. अंगावरून पडणारे पांढरे खवले ते स्वतः झाडून काढत. वहिनींना हात लावू देत नसत. "मना माल मीच उचलस," म्हणत. अंगात कायम पांढरा सदरा. एकदा मी भाबडेपणाने विचारलं, "आप्पा, कधी निळा-काळा शर्ट घालत नाही?" ते म्हणाले, "गुरुजी, काळ्या कापडावर पांढरी बुट्टी उठून दिसते. मी मिलवाला माणूस, मला डिझाइन कळतं."

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. सोरायसिस म्हणजे काय हे मात्र त्यांनीच मला शिकवलं, तेही आमच्या ओट्यावर बसून, चहा निवेपर्यंत.

"कातडी म्हणजे कापड, गुरुजी. प्रत्येकाच्या अंगात एक मिल चालू असते. जुनं कापड झिजतं, खालून नवं येतं. तुमच्या मिलमध्ये एक थान, म्हणजे एक तागा, निघायला महिना लागतो. निवांत कारभार. माझ्या मिलचा शेठ येडा झाला. त्याने दिवसपाळी, रातपाळी, सगळ्या पाळ्या एकदम सुरू केल्या. चार दिवसांत थान बाहेर! पण उठाव कुठे आहे? माल गोदामात साचतो, थरावर थर. तोच हा." असं म्हणून ते कोपर पुढे करत. लालसर चट्टा, वर चंदेरी पापुद्रे. "सगळ्या सुरतेत मंदी आली, माझ्या मिलमध्ये कधीच नाही."

"मग शेठला ताळ्यावर आणायचं औषध?"

"आहे ना. मलम आहे, गोळ्या आहेत, सकाळचं ऊन आहे. तेवढ्यापुरता शेठ गप्प बसतो. पुन्हा थंडी पडली, काळजी लागली, की याचं सुरू."

हे ज्ञान आप्पांना फुकट मिळालेलं नव्हतं. आम्ही राहायला येण्याआधी काही वर्षं त्यांनी स्वतःवर अख्ख्या सुरतेला प्रयोग करू दिले होते. आपल्याकडे दुखणं एकाचं असतं आणि औषध सगळ्यांकडे असतं. आमच्याच सोसायटीत तिघे धन्वंतरी होते. पहिले भटूभाऊ, कारल्याचा रस. दुसरे सुकलालनाना, त्यांच्याकडे कुठल्याशा धुनीची राख. तिसरे रमणभाई, त्यांचा विश्वास डुमसच्या समुद्रावरच्या काळ्या वाळूवर. तिघांनी आप्पांना पाळीपाळीने बरं करून पाहिलं. कारल्याच्या रसाने आप्पांचं तोंड कडू झालं, राखेने मलमाचा चिखल झाला, आणि काळ्या वाळूने अंग घासल्यावर जे झालं ते वहिनी अजून सांगू देत नाहीत. या आजारात कातडी खरवडली की जिथे खरवडली तिथे नवा चट्टा येतो, हे रमणभाईंना कोण सांगणार? पंधरवडाभर आप्पांना पालथं झोपावं लागलं. रमणभाई रोज येऊन म्हणत, "असर थाय छे, असर थाय छे!"

शेवटी कुणीतरी त्यांना उधन्याच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिने चट्टे पाहिले, नखं पाहिली, बोटांचे सांधे दुखतात का ते विचारलं. कोपरावरचा चट्टा उघड्या हाताने चाचपला. मग म्हणाली, "काका, आ मटशे नहि, पण काबूमां रहेशे." जाणार नाही, पण ताब्यात राहील. कुणाचा शाप नाही, रक्त नासलेलं नाही, मिलच्या रंगानेही झालेलं नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून स्वतःच्या कातडीच्या मागे लागली आहे. घराण्यात कुणाला असलं तर पुढे एखाद्याला होऊ शकतं, न होऊही शकतं. पण शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने कधीच होत नाही.

त्या दिवशी आप्पांनी सोसायटीत पेढे वाटले. कमलवहिनी अजून कपाळावर हात मारून सांगतात, "लोक बरं झालं म्हणून पेढे वाटतात. हे बरं होणार नाही म्हणून वाटतात!" पण मला आप्पांचं पटतं. इतकी वर्षं जो तो त्यांना बरं करून देत होता, खरं सांगणारी ही पहिलीच भेटली. पेढे खाताना तिन्ही धन्वंतरींची तोंडं मात्र भटूभाऊंच्या कारल्यासारखी झाली होती म्हणे.

तेव्हापासून आप्पांची गाडी रुळावर आली. सकाळी गच्चीवर उघड्या अंगाने कोवळं ऊन. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल. गोळ्या वेळेवर, आणि मधूनमधून रक्ताची तपासणी. उत्तरायणात, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, तर सगळी सुरत गच्चीवर असते, तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर असा भाव असे की बघा, आज तुम्ही सगळे माझ्या दवाखान्यात आलात. चट्टे कमी झाले. पुरते गेले नाहीत. सूचना मात्र जराही कमी झाली नाही.

एकदा मी वहिनींना विचारलंच. "वहिनी, डॉक्टरांनी सांगितलं लागत नाही. लोकांनाही आता माहीत झालंय. मग आप्पा अजून हे का करतात?"

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "विमलमुळे."

विमल म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा आप्पांनीच तिला शिरपूर तालुक्यातल्या गावातून सुरतेला आणलं, वाढवलं, कामरेजच्या चांगल्या घरात दिली. दर राखीला भाऊ बहिणीकडे जाई. ज्या वर्षी चट्टे पहिल्यांदा मनगटावर आले, त्या वर्षी आप्पांनी नेहमीसारखा हात पुढे केला. विमलताईंनी राखी उचलली, मनगट पाहिलं आणि हात मागे घेतला. एक क्षणभरच. मग सावरून, दोन बोटांनी दोरा लांबून टाकून बांधली. घरात तान्ही मुलगी होती. विमलताईंना घाबरायला कारण होतं. पण आप्पांनी तो मागे गेलेला हात पाहिला होता. पुढच्या वर्षापासून राखी कामरेजहून कुणाच्या तरी हाती येऊ लागली. बसने काय ते तासाभराचं अंतर. आप्पा म्हणत, "रस्त्यामा ट्रॅफिक भलती ऱ्हास."

"तेव्हापासून आधी सांगून टाकतात," वहिनी म्हणाल्या. "समोरच्याने हात मागे घेतला तर तो यांनी सांगितलं म्हणून घेतला, असं होतं ना. बघून घेतला, असं होत नाही."

त्यानंतर मी त्यांच्या सूचनेला कधी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण वेगळं.

मागच्या मे महिन्यात विमलताई स्वतः बमरोलीला आल्या. तीच तान्ही मुलगी, दीपाली, हिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामाने, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामाने. मामा नसला तर लोक विचारतात, आणि मामा असून नसला तर जास्तच विचारतात. विमलताई अडखळत म्हणाल्या, "दादा, तूच उभा राहायचं. पण मुलाकडचे लोक मोठे आहेत. तेवढा दिवस पूर्ण बाह्यांचा कोट घाल. आणि ते तुझं सांगणं... तेवढा दिवस नको. घराण्यात रोग आहे म्हणतील. माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. नाहीतर मग आपल्या चुलत भावाला उभं करावं लागेल."

मी भिंतीपलीकडे होतो, पण आमच्या सोसायटीच्या भिंती कान देऊन बांधलेल्या आहेत. मला वाटलं, आता आप्पा उसळतील. ते म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. ज्या माणसाने रिक्षावाल्याची फुकट सवारी नाकारली होती, तो भाचीसाठी तोंड शिवून घ्यायला तयार झाला.

लग्न कामरेजच्या एका वाडीत, म्हणजे तिकडच्या मंगल कार्यालयात, भर दुपारी. सुरतेकडची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते भोगल्याशिवाय कळणार नाही. त्यात आप्पांच्या अंगात काळा जाड कोट, गळ्यापर्यंत बटणं. घाम निथळतोय, आतून अस्तर घासतंय, आणि आप्पा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मुकाट्याने हात जोडतायत.

आता गंमत अशी झाली की बमरोलीहून आलेली मंडळी आप्पांसमोर येऊन सवयीने थांबू लागली. सूचना आली की पुढे जायचं, हा शिरस्ता. सूचना येईना. लोक घुटमळू लागले. "आप्पा, तब्येत बरी शे ना?" एकाने काळजीने विचारलं. बाकीच्यांनी आपसात कुजबुज केली. लांब बाह्या, सूचना नाही, याचा अर्थ काय? अर्थ एकच. आप्पा बरे झाले!

बातमी दाराशेजारच्या ताकाच्या टाकीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, आणि तिथे आमचे तिन्ही धन्वंतरी हजर होते. भटूभाऊंनी ग्लास खाली ठेवला. "मी सांगत होतो. कारलं हळूहळू काम करतं, पण मुळापासून करतं." सुकलालनाना म्हणाले, "कारलं? अरे, राख आहे ती! राखेला वर्षं लागतात." रमणभाई छाती पुढे काढून म्हणाले, "डुमसनी रेती, भाई, डुमसनी रेती!" तिघांचा आवाज चढला. वऱ्हाडातले लोक गोळा झाले. प्रत्येक जण आप्पांच्या न झालेल्या बरेपणाचा मालक झाला होता.

त्या घोळक्यातून एक गृहस्थ भटूभाऊंपाशी आला. नवऱ्या मुलाच्या आत्याचा नवरा. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आमच्या घरातही तोच त्रास आहे. मंडळी आत खोलीत बसलीय, शाल पांघरून. मांडवात यायला तयार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण..."

"गोळ्या?" भटूभाऊ उखडले. "आजपासून बंद! गोळ्या उष्ण पडतात. रोज उपाशीपोटी कारलं. तो बघा जिवंत पुरावा, दारात उभा!" आणि बोट थेट आप्पांच्या कोटाकडे केलं.

मी आप्पांच्या शेजारीच होतो. त्यांनी सगळं ऐकलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते सांगतो: पार गोंधळून गेले होते. समोर मांडवात विमलताई ओवाळणीचं ताट घेऊन इकडून तिकडे लगबग करत होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या गृहस्थाकडे पाहिलं. तो खिशातून कागद काढून कारल्याचं प्रमाण लिहून घेत होता.

"गुरुजी, चला," आप्पा म्हणाले.

वाडीच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. खाटेवर साठीच्या एक बाई बसलेल्या, अंगाभोवती शाल, पदर कपाळापर्यंत. आप्पा दारात थांबले. मला वाटलं, आता स्टेशनवाला आवाज येणार. पण त्यांनी काही घोषणा केली नाही. कोटाची बटणं काढली, कोट काढून हातावर घेतला, सदऱ्याच्या अर्ध्या बाह्यांतून दोन्ही कोपरं त्या बाईंसमोर धरली आणि अगदी हळू म्हणाले,

"हाऊ गया नही, ताई. हाई देखा. हाऊ जास नही. पण दबस."

बाईंनी पाहिलं. पाठोपाठ आलेल्या नवऱ्यानेही पाहिलं.

"मी कारलं प्यालो, राख लावली, वाळूने अंग सोलून घेतलं," आप्पा सांगत होते. "काही उपयोग झाला नाही. गोळ्या बंद करू नका. एकदम बंद केल्या की दुप्पट जोराने उसळतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करा. आणि या उकाड्यात शाल कशाला? घामाने जास्त खाज सुटते."

"लोक बघतात ना, भाऊ," बाई म्हणाल्या.

"बघू द्या. पाहून पाहून कंटाळतील." मग आप्पांनी त्यांना मिलच्या शेठची, दिवसपाळी-रातपाळीची गोष्ट सांगितली. उठाव नसलेल्या मालापर्यंत आल्यावर त्या बाई पदराआड हसल्या. हसता हसता त्यांनी शाल बाजूला सारली. नवऱ्याने हातातला कागद चुरगळून खिडकीतून टाकला.

बाहेर बँडवाला थांबला. भटजींचा आवाज माइकवर घुमला, "मामा! नवरीच्या मामांना बोलवा!" आणि मामांना शोधत विमलताई धावत खोलीच्या दारात आल्या.

त्यांनी पाहिलं ते असं: भाऊ कोटाविना उभा, उघडी कोपरं, समोर मुलाची आत्या आणि तिचा नवरा. त्या दाराची चौकट धरून तशाच थांबल्या.

आप्पांच्या लक्षात आलं. त्यांच्यासारखा ताठ माणूस मी वाकलेला कधी पाहिला नव्हता, त्या वेळी पाहिला. बहिणीकडे न बघता म्हणाले, "विमल, माले सांगनं पडनं. तू त्या चुलत मामाले उभं कर. मी मांगे बठस. मना राग नही."

त्यांना खरंच राग नव्हता. पण त्या पोरीला त्यांनी मांडीवर घेतलं नव्हतं, तिला अंगाखांद्यावर खेळवलं नव्हतं. मांडवापर्यंत तिचा हात धरून जायची ही एकच वेळ होती, आणि ती ते स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला देत होते. मला माझं नाक शिंकरायला खिडकीकडे वळावं लागलं.

आत्या खाटेवरून म्हणाल्या, "ताई, यांनाच उभं करा. असा मामा मिळतो कुठे?"

विमलताईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या आप्पांच्या उजव्या कोपराकडे बघत होत्या. कोटाच्या अस्तराने घासून चट्टा सोलवटला होता आणि सदऱ्याच्या बाहीला रक्ताचा डाग लागला होता. त्या दोन पावलं पुढे आल्या. हात पुढे केला. आप्पा सवयीने मागे सरकले, तर त्यांनी दंड धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या खरखरीत कातडीवर अलगद ठेवली.

"दादा, दुखस का रे?"

मी आप्पांना इतकी वर्षं ओळखतो. लागतं का, हे त्यांना सगळ्या सुरतेने विचारलं होतं. कशाने झालं, किती दिवस झाले, पोराबाळांना होईल का, पंगतीत बसलं तर चालेल का. दुखतं का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

 चार भाषांत सूचना देणारा माणूस, या वेळी आपल्या अहिराणीतच बोलला.

"हिवाळामा," ते म्हणाले. "चिरा पडतस. तवय दुखस."

विमलताईंचे डोळे भरून वाहायला लागले. लग्नघरातली बाई, रडायलाही तिला सवड नव्हती. पदराने डोळे पुसत, भावावर रागावून त्या म्हणाल्या,

"मंग माले कधी सांगं नही ते?"

 बाहेर भटजी तिसऱ्यांदा मामांना हाका मारत होते. विमलताईंनी त्यांचा दंड सोडला नाही. तसाच धरून, भर मांडवातून, सगळ्या वऱ्हाडाच्या देखत त्या त्यांना घेऊन गेल्या. तिकडे नवरीच्या खोलीच्या दारात दीपाली मुंडावळ्या सावरत मामाची वाट बघत उभी होती, आणि तिने आधीच हात पुढे केला होता.